दिल्लीची चिठ्ठी

2024 च्या मे महिन्यात, पहिल्याच आठवड्यात, अंबडला आमच्या चुलत बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. ऊन असं की मंडपाच्या कापडातून खाली उतरत होतं, आणि मी पंगतीत मठ्ठा वाढत होतो. जेवणाऱ्याचा उजवा हात भातात असतो त्यामुळं ग्लास तो डाव्या हातानं पुढं करतो, आणि वाढणारा काही तोंड बघत नाही, तो ग्लास बघतो आणि ग्लास धरलेली बोटं बघतो. तर माझ्या लक्षात आलं की एकाच्या बोटाला शाई आहे, शेजारच्याच्या नाही, पुढच्या दोघांच्या आहे, मग सलग चौघांच्या नाही. सगळे सोयरेधायरे, बहुतेक सगळे एकाच अंबड तालुक्यातले, एकाच तहसीलला खेटे मारणारे, आणि अर्ध्यांचं मतदान होऊन गेलेलं, अर्ध्यांचं अजून व्हायचं.

कारण आमच्याकडं सगळ्यांना माहितीये. गोदाकाठाकडची आमची गावं विधानसभेला घनसावंगीत येतात आणि घनसावंगी लोकसभेला परभणीत. अंबड शहर विधानसभेला बदनापुरात, आणि बदनापूर लोकसभेला जालन्यात. परभणीचं मतदान 26 एप्रिलला झालं, जालन्याचं 13 मेला होतं. मधले 17 दिवस एका तालुक्यातली काही बोटं काळी आणि काही कोरी.

पंगती उठल्यावर मंडपाच्या मागं पाण्याच्या टँकरच्या सावलीत आम्ही बसलो होतो तेव्हा मी हे बोललो, तर तात्या, म्हणजे माझे थोरले काका, बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘‘जिजी असती तर तिनं इचारलं असतं, आंबडाची शीट कुठं गेली रे लेकरांनो.’’ पोरांना कळलंच नाही तात्या काय म्हणतायत. अंबडची सीट? लोकसभेची? एकानं तर मोबाईल काढून बघितलं सुद्धा, महाराष्ट्राच्या 48 जागांत अंबड कुठंच नाही.

नाही, पण होती. एकदाच. 1952 साली देशाची पहिली लोकसभा बसली तेव्हा त्यात अंबड नावाचा एक मतदारसंघ होता आणि तिथून काँग्रेसचे हनुमंतराव गणेशराव वैष्णव खासदार म्हणून गेले होते. 1957 च्या यादीत हे नाव नाही, त्यानंतरच्या एकाही यादीत नाही. एक निवडणूक, एक खासदार, आणि संपलं. मी हे लिहायला बसलो ते जिजीमुळं, कारण त्या एका निवडणुकीत तिनं मत टाकलं होतं आणि ती मरेपर्यंत त्याबद्दल बोलायची.

जिजी म्हणजे माझी आजी. तिला सन कळायचे नाहीत. तिचं सगळं आयुष्य दोन खुंट्यांना टांगलेलं होतं, एक पोलीस ॲक्शन आणि दुसरा बहात्तरचा दुष्काळ. अमका पोलीस ॲक्शनच्या आधीचा, तमकी दुष्काळात झाली, विहीर पोलीस ॲक्शननंतर तिसऱ्या वर्षी खांदली. सप्टेंबर 1948, 13 तारखेला भारताचं सैन्य निझामाच्या हद्दीत शिरलं आणि 17 ला निझाम शरण आला, हे आम्ही शाळेत मुक्तिसंग्राम दिनाला शिकलो, पण जिजीच्या तोंडून ते वेगळं यायचं, रझाकाराच्या भीतीनं ज्वारीची कणगी कशी भुईत पुरली, तान्हं लेकरू घेऊन तिची थोरली जाऊ गोदावरीच्या पलीकडं कशी गेली, असं. आणि त्यानंतर साडेतीन वर्षांच्या आत त्याच बाईला सरकारनं निरोप धाडला की ये आणि सांग, दिल्लीला कोण पाठवायचा.

मला हे नेहमी थांबून बघावंसं वाटतं. मुंबई इलाख्यातल्या लोकांना निवडणूक ही गोष्ट थोडीफार तरी ठाऊक होती, 1937 ला झाली, 1946 ला झाली, सगळ्यांना मत नव्हतं पण पेटी काय असते ते गावानं बघितलेलं होतं. आमच्याकडं निझामाचं राज्य. कलेक्टरला अव्वल तालुकदार म्हणायचे, कचेरीचा कागद उर्दूत, आमच्या आबांची, म्हणजे आजोबांची, सही शेवटपर्यंत उर्दूत होती, उजवीकडून डावीकडं, कारण मदरशात जे शिकवलं तेच हाताला बसलं. बाजारात निझामाचा हाली सिक्का वेगळा आणि इंग्रजांचा कलदार वेगळा, सात हाली दिले की सहा कलदार यायचे, आणि हा हिशोब पोलीस ॲक्शननंतरही काही वर्षं चालूच होता. 21 वर्षांच्या वरचा प्रत्येक गडी आणि प्रत्येक बाई मत देणार, हे अशा मुलखात एकदम, कुठलीही रंगीत तालीम न होता आलं. जमीनदाराला एक मत आणि त्याच्या सालगड्याला एक मत. मला वाटतं आपण ह्या गोष्टीला फार हलकं घेतो, पुस्तकात एक ओळ असते आणि पुढं जातो.

तर जिजीचं मत. ती दिवस सांगायची ते हुरड्याचे. ती निवडणूक देशभर ऑक्टोबर 1951 पासून फेब्रुवारी 1952 पर्यंत चालली, त्यामुळं तिचा हुरडा बरोबर बसतो. गावातल्या बायका बैलगाडीत बसून गेल्या, गाड्याला घुंगरं बांधलेली, नवं लुगडं नव्हतं म्हणून धुतलेलं नेसलेली, आणि भाकरी बांधून घेतलेल्या कारण किती वेळ लागंल कुणाला ठाऊक. तिथं एका खोलीत नाव विचारलं. हेही सोपं नव्हतं. त्या वेळी देशात जवळपास 28 लाख बायकांची नावं यादीतून गळाली, बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांत, कारण नाव नोंदायला आलेल्या माणसाला घरच्यांनी अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं आणि सुकुमार सेन, तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त, म्हणाले की असं चालणार नाही, बाईचं स्वतःचं नाव पाहिजे. आमच्या घरी आबांनी जिजीचं नाव सांगितलं होतं. ती म्हणायची, ‘‘तेवढं एक बरं केलं त्यानं.’’

मग तिला कागद दिले. ती त्याला चिठ्ठ्या म्हणायची. एक हैदराबादची चिठ्ठी आणि एक दिल्लीची चिठ्ठी. म्हणजे विधानसभा आणि लोकसभा, दोन्हीचं मतदान बरोबरच होतं, आणि आपली विधानसभा तेव्हा हैदराबादला होती ना. पुढं आली तशी उमेदवारांच्या नावांची लांबलचक मतपत्रिका नव्हती तेव्हा, शिक्काही मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, पेटीवर त्याच्या चिन्हाचं चित्र, काँग्रेसची बैलजोडी, आणि आपण कोरी चिठ्ठी आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची, झालं. चिठ्ठी एक रुपयाच्या नोटेएवढी असायची, नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापलेली, दिसायलाही नोटेसारखी. आता बघा, ज्या बाईच्या हातात नोट कधी थेट आलेली नाही तिच्या हातात सरकारनं नोटेसारखा कागद दिला. जिजीनं तो घडी घालून ओच्यात घातला आणि घराकडं निघाली. दारातल्या शिपायानं हटकलं, ‘‘बाई, टाकलं का?’’ ती म्हणाली, काय टाकायचं, मला मिळालाय. मग त्यानं परत आत धाडलं.

आत पडदा होता. पडद्याच्या मागं पेट्या. इथं आली की जिजी गोष्ट हळू सांगायची. ती म्हणायची, मी आत गेले तर कुणीच नव्हतं. सासू नव्हती, नवरा नव्हता, पाटील नव्हता. सासरी आल्यापासून एका खोलीत एकटी, दिवसाढवळ्या, आणि बाहेर सगळे वाट बघतायत पण कुणी आत येऊ शकत नाही, असं तिला पहिल्यांदाच झालं होतं. तिनं सगळ्या पेट्यांना हात लावून बघितला. उजव्या हाताचा तळवा असा सपाट करून, गाईच्या पाठीवरून फिरवतात तसा ती हवेत फिरवून दाखवायची. मग एका पेटीत चिठ्ठी टाकली, पेटीला हात जोडले आणि बाहेर आली.

कुणाच्या पेटीत, ते तिनं कधीच सांगितलं नाही. आम्ही पोरं पोरं लई मागं लागायचो, बैलजोडी का गं जिजी, का दुसरं काही. ती म्हणायची, ‘‘मग पडदा कामून लावला व्हता?’’

त्या निवडणुकीत हैदराबाद राज्याच्या वाट्याला लोकसभेच्या 25 जागा होत्या. ती यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा अंगावर काटा आला, खरं सांगतो. इंग्रजी अकारविल्हे लावली की आदिलाबाद, अंबड, औरंगाबाद, अशी सुरुवात होते. अंबड दुसऱ्या नंबरवर. पुढं भीर म्हणजे आपलं बीड, बिदर, गुलबर्गा, इब्राहिमपट्टण, कुष्टगी, नलगोंडा, विकाराबाद, यादगीर. तीन भाषांचा मुलूख एका कागदावर, तेलुगू, कन्नड, मराठी, आणि तिन्हीकडं उर्दू. आज ही गावं चार दिशांना गेलीत, कुणाचा कुणाशी संबंध नाही, पण तेव्हा यादगीरचा खासदार आणि अंबडचा खासदार एकाच राज्याचे होते. आणि त्या यादीत गावं किती लहान लहान आहेत ते बघा. कुष्टगी, इब्राहिमपट्टण, अंबड. जिल्ह्याची गावं नाहीत ही, तालुक्याची गावं. कुणीतरी नकाशा पसरून बसलं असेल आणि त्याला एवढ्या मोठ्या पट्ट्याला नाव द्यायला अंबड सुचलं, ह्याचा मला आजही आनंद होतो.

मराठवाड्यात मतदारसंघ सहा होते, औरंगाबाद, अंबड, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद, पण खासदार सात, कारण नांदेड दोन सदस्यांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव, एकाच मतदारसंघातून दोघं. ही पद्धत पुढं 1961 ला कायद्यानं बंद झाली. आणि लोकांनी काही डोळे मिटून सगळं काँग्रेसला दिलं असंही नाही. परभणीतून शेकापचे नारायणराव वाघमारे निवडून आले. बीडमधून पीडीएफचे रामचंद्र गोविंद परांजपे. कम्युनिस्ट पक्षावर हैदराबाद राज्यात तेव्हा बंदी होती म्हणून त्यांची माणसं पीडीएफ नावाच्या आघाडीतून उभी राहिली, आणि तिकडं नलगोंड्यात त्यांच्या रावी नारायण रेड्डींना तर खुद्द नेहरूंपेक्षा जास्त मतं पडली. पहिल्यांदाच मत देणाऱ्या, बहुतेक अक्षरओळख नसलेल्या लोकांनी हे केलं. पुढं कुणी माझ्यासमोर म्हणालं की खेड्यातल्या अडाण्यांना काय कळतं, की मला हीच यादी आठवते.

वैष्णव दिल्लीला गेले असतील तेव्हा जालन्याहून मीटरगेजच्या गाडीनं मनमाड, तिथं गाडी बदलून पुढं. अंबडला आजही रेल्वे नाही. 13 मे 1952 ला लोकसभेची पहिली बैठक बसली. 2024 ला जालन्याचं मतदान झालं तीही तारीख 13 मे, 72 वर्षांनी, आता हा योगायोगच, पण मला तो त्या दिवशी लक्षात आला आणि मग डोक्यातून जाईना.

नंतर गोष्टी भराभर झाल्या. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्यच मोडलं. तेलंगणा आंध्रात, बिदर-गुलबर्गा-रायचूर म्हैसूरला, आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात. लोकसभेची मुदत अजून शिल्लक होती, म्हणजे हैदराबाद राज्यातून निवडून गेलेला अंबडचा खासदार मुदत संपताना मुंबई राज्याचा होता. माणूस तोच, खुर्ची तीच, मागचं राज्य बदललं. जिजीच्या भाषेत हैदराबादची चिठ्ठी मुंबईची झाली. ते तिला पटलं होतं, तिथं मराठी बोलतात म्हणायची. दिल्लीची चिठ्ठी दिल्लीचीच राहिली, पण 1957 ला तिच्यावरचं अंबड गेलं. नव्या यादीत जालना आलं.

जालन्याचं नाव येणं स्वाभाविक होतं, मी ते नाकारत नाही. जालना सोने का पालना म्हणतात ते उगीच नाही, रेल्वे तिथं, मोंढा तिथं, सरकी-कापसाचा व्यापार तिथं. अंबडचं मोठेपण वेगळ्या जातीचं. मत्स्योदरी देवीचा डोंगर, माशासारखा दिसतो म्हणून मत्स्योदरी, नवरात्रात तिथं मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. अहिल्याबाईंच्या नावानं ओळखली जाणारी दगडी बारव, पायऱ्या उतरत गेलं की भर उन्हाळ्यात अंगाला गार लागतं. तालुका मोठा, तेव्हा घनसावंगीही त्यातच, म्हणजे समर्थ रामदासांचं जांबही त्यातच. पण जत्रेच्या गावापेक्षा मोंढ्याचं गाव मोठं ठरतं, नकाशावर तरी. 1957 ला जालन्यातून निवडून आले ते सैफ तय्यबजी, मुंबईचे, काँग्रेसचे अगदी सुरुवातीचे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजींच्या घराण्यातले. शेजारी औरंगाबादेतून त्याच वेळी स्वामी रामानंद तीर्थ आले, जे 1952 ला गुलबर्ग्यातून गेले होते. हे नेते मोठे, ह्यात वादच नाही. पण जिजीचा हिशोब वेगळा होता. ‘‘आंबडाचं नाव व्हतं तव्हा आपल्याला इचारायचे,’’ एवढंच ती म्हणायची.

तरी लोकसभेत नाही तर विधानसभेत अंबड होतंच. अंकुशराव टोपे अंबड भागातले, 1991 ला जालन्यातून लोकसभेत गेले तेव्हा गावाकडं किती फटाके फुटले ते मला आठवतं, मी शाळेत होतो. 1981 ला 1 मेला जालना जिल्हा झाला, औरंगाबाद जिल्ह्यातला अंबड त्यात आला, परभणीकडचं परतूर त्यात आलं, तेही समजण्यासारखं होतं, कचेरीचं काम जवळ आलं. मग 2008 ची पुनर्रचना. 2001 च्या जनगणनेवर हिशोब, महाराष्ट्राच्या जागा 48 च, एका लोकसभेत सहा विधानसभा, लोकसंख्या सारखी वाटली गेली पाहिजे. त्या वाटणीत अंबड नावाची विधानसभाही गेली. तालुक्याचे तुकडे बदनापूर आणि घनसावंगीत गेले आणि त्या दोघांना धरून एक तुकडा जालन्याच्या लोकसभेत, एक परभणीच्या. 2009 पासून अंबड हे नाव ना मुंबईच्या चिठ्ठीवर ना दिल्लीच्या.

लोकसंख्येचा हिशोब मला मान्य आहे. माणसागणिक मताची किंमत सारखी राहायची तर रेघा हलवाव्याच लागतात, नाहीतर अन्याय दुसऱ्या बाजूनं होतो. आणि आमच्या गावांचं परभणीशी काहीच नातं नाही असंही नाही, जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघतो तो आमच्या रानातून पुढं परभणीकडंच जातो, एकाच पाण्यावर आमचा ऊस आणि त्यांचा ऊस. पण खासदाराकडं कालव्याच्या आवर्तनाचं गाऱ्हाणं न्यायचं तर आम्ही परभणीला आणि अंबडचा माझा मेव्हणा जालन्याला, मोसंबीच्या विम्याचं निवेदन द्यायचं तर दोन निवेदनं, दोन शिष्टमंडळं, दोन फोटो. तालुका एक म्हणून उभाच राहत नाही. माझं दुखणं तेवढं आहे, आणि ते मी कुणावर राग धरून सांगत नाही. मला वाटतं रेघ मारणाऱ्यानं कुठंतरी, शाळेच्या भिंतीवर का होईना, लिहून ठेवायला पाहिजे होतं की हे गाव एकेकाळी स्वतःच्या नावानं दिल्लीला बोललं होतं. जिजीचं एक मत ज्या नावात मोजलं गेलं ते नाव आता फक्त जुन्या यादीत आहे, आणि जुन्या याद्या कोण उघडतो.

13 मेला संध्याकाळी अंबडच्या बहिणीनं फॅमिली ग्रुपवर बोटाचा फोटो टाकला, मेंदीच्या हाताचा, लग्नातली मेंदी फिकी होऊन गेलेली आणि शाई ताजी, काळीनिळी. लगेच गावाकडच्या वहिनीनं आपल्या बोटाचा टाकला. तिच्या नखाला मुळापाशी पांढरी फट पडली होती, 17 दिवसांत नख वाढलं तशी शाई वर सरकलेली. पोरांनी खाली अंगठे आणि हार्ट टाकले. मी मग ती 1952 ची यादी टाईप करून टाकली, सगळे मतदारसंघ, आदिलाबाद, अंबड, औरंगाबाद, पार यादगीरपर्यंत.

तात्यांना मोबाईलवरचं वाचता येत नाही, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. नातवानं वाचून दाखवलं असणार, कारण थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला, मागं म्हैस ओरडत होती आणि ते नातवालाच सांगत होते, मोबाईल चालू राहिलाय हे त्यांना माहीत नव्हतं.

‘‘दुसरं नाव कोणतं म्हणला? पुन्हा वाच.’’